दोन अर्जुनी आणि न थांबणारी गाडी : गोंदियाच्या रस्त्यांचा व रुळांचा इतिहास

#थ्रेड

१/
गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाचे दोन तालुके आहेत. एक सडक अर्जुनी, दुसरी अर्जुनी मोरगाव. पहिलीच्या नावातच रस्ता आहे. दुसरीने ओळख पटावी म्हणून शेजारच्या मोरगावाचे नाव जोडून घेतले. सडकेवरची अर्जुनी आणि सडकेपासून दूरची अर्जुनी, एवढाच हा भेद. महसुली दप्तरात कायम होऊन बसलेला हा भेद महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाचा दीडशे वर्षांचा इतिहास सांगतो.

२/
इतिहासाच्या पुस्तकांत अमुक साली रस्ता झाला, तमुक साली रूळ पडले अशा नोंदी सापडतात. तो मार्ग पुढे चालवला कुणी, गाडी कुठे थांबावी हे ठरवले कुणी आणि पावसात भराव खचला तेव्हा दुरुस्तीची निकड कुणाला वाटली, याची नोंद क्वचितच असते. गोंदियाला मार्गांची उणीव फारशी कधी नव्हती. उणीव होती ती त्या मार्गांविषयी बोलण्याच्या अधिकाराची. हा थ्रेड त्याविषयी आहे.

३/
रुळांपूर्वीचे चित्र आधी पाहू. वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी या नद्यांचा हा प्रदेश. धानाचा, तलावांचा आणि दाट जंगलाचा. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणीत व धान्य नेत. धान निघाल्यावर गाडीवाटा मोकळ्या होत आणि पहिल्या मोठ्या पावसाने त्या चिखलात बुडत. मग नदीपलीकडचे नातेवाईक, बाजार आणि वैद्य हे सगळे दिवाळीपर्यंत दूर जात. वर्षाचे चार महिने अंतर कोसांत न मोजता पाण्यात मोजावे लागे.

४/
१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. नव्या राजवटीला नागपूर व रायपूर जोडणारी बारमाही वाट हवी होती. ती ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ म्हणून ओळखली गेली : भंडारा, साकोली, देवरी आणि पुढे राजनांदगाव. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ व आजचा ५३ मोठ्या अंशी याच दिशेने जातो. रस्त्याचे लक्ष्य रायपूर होते. वाटेतल्या अर्जुनीला त्याने नाव दिले. आजूबाजूच्या गावांना दुरून दिसणारी धूळ.

५/
मग १८७६-७८ चा महादुष्काळ आला. धान्य असलेल्या प्रदेशातून धान्य नसलेल्या प्रदेशात ते वेळेवर पोहोचत नाही, हे सरकारला लाखो मृत्यूंनंतर उमगले. त्यातून नागपूर–छत्तीसगड रेल्वे उभी राहिली. नागपूर ते राजनांदगाव हा मीटरगेज मार्ग १८८० ते १८८२ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. आजच्या सालेकसा तालुक्यातील दरेकशाच्या डोंगरांतून वाट काढत तो छत्तीसगडच्या मैदानात उतरला.

६/
येथे एक विरोधाभास ध्यानात घ्यावा. जो रूळ दुष्काळात धान्य आणू शकतो, तोच सुकाळात धान्य बाहेरही नेतो. छत्तीसगडच्या धानाला रेल्वेमुळे दूरची बाजारपेठ मिळाली, भाव मिळाला; त्याच वेळी गावातली साठवण पातळ होण्याची वाटही उघडली. रूळ स्वतः दयाळूही नसतात, क्रूरही नसतात. त्यांवरून कोणत्या दिवशी काय धावावे हे ठरवणारा माणूस कुठे बसतो, यावर बरेच अवलंबून असते.

७/
तो माणूस दूर बसत असे. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मीटरगेज मार्ग घेऊन ब्रॉडगेज केला आणि १ फेब्रुवारी १८९१ रोजी नागपूर ते आसनसोल हा सलग मार्ग मालवाहतुकीस खुला झाला. कंपनीचे भांडवल लंडनचे, कारभार कलकत्त्याच्या गार्डन रीचमधला. गोंदिया मुंबई–कलकत्ता या हमरस्त्यावर आले. पण नकाशावर ते मधले एक ठिकाण होते.

८/
विसाव्या शतकाच्या आरंभी या ठिकाणाला दोन हात फुटले. १९०३ ते १९०५ या काळात उत्तरेकडे बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत नॅरोगेज मार्ग झाला. १९०८ मध्ये दक्षिणेकडे नागभीडपर्यंत दुसरा मार्ग झाला आणि १९१३ मध्ये तो चांदा फोर्टला पोहोचला. रुळांमधले अंतर अवघे २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजचे १६७६. याच दक्षिण मार्गावर ‘दुसऱ्या’ अर्जुनीला स्टेशन मिळाले.

९/
नॅरोगेजच का? कारण ती स्वस्त होती. डोंगरातली तीव्र वळणे तिला झेपत, भराव अरुंद चाले, पूल हलके चालत. जंगलातल्या वाहतुकीतून फार उत्पन्न येणार नाही, असा कंपनीचा हिशेब होता. दुर्गम भागाला कमी रुंदीची गाडी, हा निर्णय अभियांत्रिकीचा होता तितकाच अर्थकारणाचाही होता. तरीही त्या अरुंद रुळांनी जे घडवले ते कंपनीच्या हिशेबवहीत बसणारे नव्हते.

१०/
दोन गेज जिथे भेटतात तिथे डबा पुढे जाऊ शकत नाही. माल उतरवावा लागतो आणि पुन्हा चढवावा लागतो. गोंदियाच्या फलाटांवर बालाघाटचे मँगनीज, जंगलातला तेंदूपत्ता, लाख, लाकूड आणि धान यांची ही चढउतार चाले. हमाल आले, अडते आले, गुदामे आली. विडीचे कारखाने आणि भातगिरण्या उभ्या राहिल्या. रेल्वेच्या हिशेबात जो खोळंबा होता, तोच शहराच्या हिशेबात पोटापाण्याचा उद्योग ठरला. थांबणाऱ्या गाडीने गोंदिया वसवले.

११/
नॅरोगेजविषयी हळवे होण्याचा मोह मात्र टाळावा. ती संथ होती, खचाखच भरे. आजारी माणसाला मोठ्या शहरात न्यायचे तर दिवस मोडे. तिचा गुण एकच, पण मोठा होता : ती लहान ठिकाणी थांबे. मोळीवाली, बाजाराला निघालेला शेतकरी, तालुक्याच्या शाळेत जाणारा मुलगा यांच्या दिवसाशी तिच्या वेळा जुळत. वेग कमी असूनही ती त्यांच्या उपयोगाची होती.

१२/
सार्वजनिक सोय चालवण्याची दुसरी एक पद्धत याच मातीत होती. तिचे नाव तलाव. परंपरा सांगते की, गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे. त्या आश्वासनावर कोहळी समाजाने या भागात तलावांची मालिका उभी केली. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हा त्यांतला सर्वांत विख्यात. त्याच्या निर्मितीचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते.

१३/
या तलावांत लक्षणीय गोष्ट पाळीची उंची नव्हे, पाळीची देखभाल आहे. ज्याच्या बांधीत पाणी जाई, त्याला पाळ फुटली तर रोवणी बुडणार हे ठाऊक असे. म्हणून उन्हाळ्यात गाळ निघे, पाळीवर माती चढे, पाण्याच्या पाळ्या ठरत. व्यवस्था आदर्श मुळीच नव्हती. मालगुजाराचा वरचष्मा होता, वेठ होती, जातीची उतरंड होती. पण बिघाड आणि त्याची झळ एकाच गावात होती. त्यामुळे दुरुस्ती लांबत नसे.

१४/
१९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील मालगुजारी संपली आणि १९५१ पासून हे तलाव शासनाच्या मालकीचे झाले. जमीनदारी जाणे न्याय्यच होते. पण अधिकार मालगुजाराकडून गावाकडे न येता खात्याकडे गेला. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. गाळ साचत राहिला, अतिक्रमणे वाढली. त्यांचे नावही कायमचे भूतकाळात अडकले : माजी मालगुजारी तलाव, बोलीत ‘मामा तलाव’. माजी मालक कोण हे नावात आहे. आजी मालक कोण, याचा नावात पत्ता नाही.

१५/
तलावाची ही कथा रस्त्याच्या थ्रेडमध्ये कशासाठी? कारण धडा एकच आहे. दुर्गम भागातील कोणतीही सोय, मग ती पाळ असो वा रूळ, बांधली जाते एकदा आणि चालवावी लागते रोज. बांधण्याचे काम दूरच्या राजधानीला जमते. तिच्याकडे पैसा असतो, यंत्रे असतात, उद्घाटनाचा उत्साह असतो. रोज चालवण्यासाठी मात्र झळ सोसणाऱ्याचा शब्द लागतो.

१६/
राजधानीही याच काळात दूर गेली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता आणि नागपूर राजधानी होती; गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. त्यानंतर मुंबई राजधानी झाली. साडेनऊशे किलोमीटरहून दूर. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा जन्मला. जिल्हाधिकारी जवळ आले. रुळांचे आणि बसगाड्यांचे अधिकारी मात्र जागचे हलले नाहीत.

१७/
आजची मांडणी पाहा. गोंदिया स्टेशन दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत मोडते. २००३ मध्ये झालेल्या या विभागाचे मुख्यालय बिलासपूर. एसटीचा कारभार भंडारा विभागाकडे. जिल्ह्यात आगार दोनच, गोंदिया आणि तिरोडा. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव हे जंगलातले तालुके त्या दोन्ही आगारांपासून लांब. महामार्ग दिल्लीच्या अखत्यारीत. सालेकशाच्या मुलीची बस आणि तिची रेल्वेगाडी यांच्या वेळा जुळवण्याचे काम यांपैकी एकाही कार्यालयाचे नाही.

१८/
आता रूळबदलाकडे. दक्षिणेकडचा चांदा फोर्ट मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. उत्तरेकडचा गोंदिया–बालाघाट टप्पा २००५-०६ च्या सुमारास बदलला. जबलपूर–नैनपूरची शेवटची छोटी गाडी ३० सप्टेंबर २०१५ रोजी धावली. गोंदिया ते जबलपूर संपूर्ण ब्रॉडगेजवर थेट गाड्या धावायला मात्र २०२१ उजाडले. छोट्या गाड्यांचे अवशेष नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात पाहायला मिळतात.

१९/
हा बदल आवश्यक होता, हे मान्य केलेच पाहिजे. चढउतार संपली, थेट गाड्या आल्या, उत्तर व दक्षिण भारत जोडणारी एक जवळची वाट गोंदियावरून खुली झाली. बल्लारशाहहून जबलपूरकडे जाणाऱ्या गाडीला आता नागपूर–इटारसीचा वळसा अनिवार्य नाही. देशाच्या दृष्टीने ही मोठी कमाई आहे. प्रश्न एवढाच की, या कमाईत मार्गावरच्या गावांचा वाटा कोणता? बंद काळातल्या त्या वर्षांत त्यांच्यासाठी पर्याय कोणता होता?

२०/
कोविडने हा प्रश्न अधिक उघडा केला. मार्च २०२० मध्ये देशभर प्रवासी गाड्या थांबल्या. नंतर पॅसेंजर गाड्या ‘स्पेशल’ म्हणून परतल्या त्या एक्स्प्रेसच्या भाड्याने. किमान भाडे १० रुपयांऐवजी ३० रुपये. जुने दर परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. अनेक लहान थांबेही या काळात गेले. रूळ तेच, डबे तेच, गाव तेच. केवळ वेळापत्रकातल्या एका ओळीने गाव पुन्हा दूर गेले.

२१/
आकाशमार्गाची कथाही वेगळी नाही. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धासाठी बांधली. पुढे ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, १९९८ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि २००५ च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. तेथे वैमानिक घडवणारी संस्था आली. सामान्य प्रवाशांसाठी पहिले विमान उडाले ते १३ मार्च २०२२ रोजी, म्हणजे ८२ वर्षांनी. ती सेवा टिकली नाही. १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीची सेवा सुरू झाली.

२२/
या पेचाचे उत्तर शोधताना दूरचे एक उदाहरण उपयोगी पडते. कॅनडाच्या उत्तरेस हडसन उपसागराच्या काठी चर्चिल हे गाव आहे. तेथवर रस्ता नाही. १९२९ मध्ये पूर्ण झालेली एकच रेल्वे आहे. मे २०१७ च्या पुराने तिचा भराव अनेक ठिकाणी वाहून गेला. मार्ग तेव्हा खासगी कंपनीच्या ताब्यात होता. दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर कंपनी व सरकार यांचा वाद वर्षाहून अधिक काळ चालला. तोवर गावात अन्न आणि इंधन विमानाने किंवा जहाजाने येत होते.

२३/
तोडगा निघाला तो मालकी बदलून. २०१८ मध्ये परिसरातील आदिवासी राष्ट्रे व स्थानिक वस्त्या यांचा सहभाग असलेल्या समूहाने तो मार्ग विकत घेतला. काही महिन्यांतच दुरुस्ती होऊन गाड्या सुरू झाल्या. २०२१ मध्ये मालकी पूर्णपणे स्थानिकांकडे आली. सरकारचा पैसा लागलाच. तो आजही लागतो. फरक इतका की, मार्ग बंद राहिल्यास उपाशी राहणारे लोकच आता त्या मार्गाच्या बैठकीत बसतात. नवेगाव बांधच्या पाळीमागचे तत्त्व याहून निराळे नव्हते.

२४/
गोंदियाने रेल्वे विकत घ्यावी, असा याचा अर्थ नाही. भारतीय रेल्वे ही राष्ट्रीय व्यवस्था आहे आणि तिचे तुकडे करणे हिताचे नाही. प्रतिपक्षाचा एक मुद्दाही सबळ आहे : मालगाडी कमावते म्हणून प्रवासी गाडीचे तिकीट स्वस्त राहते, आणि प्रत्येक वस्तीला गाडी थांबली तर सगळ्यांचाच वेळ जातो. हे खरे आहे. म्हणूनच मागणी सर्व गाड्या थांबवण्याची असू नये. दिवसातून निदान दोनदा, माणसांच्या वेळेला, खात्रीने थांबणाऱ्या गाडीची असावी.

२५/
हा विषय आजच निकडीचा का? कारण पुन्हा बांधकामाचा काळ आला आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने गोंदिया–बल्लारशाह मार्गाच्या दुहेरीकरणास मंजुरी दिली. सुमारे २४० किलोमीटर. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोंदिया–डोंगरगड चौथ्या मार्गास मंजुरी मिळाली, ८४ किलोमीटर. नागपूर–गोंदिया द्रुतगती महामार्गाची योजनाही राज्याने हाती घेतली आहे. १८८२, १८९१ आणि १९०८ नंतरची ही मोठी संधी. प्रश्न मात्र जुनाच : मार्ग गोंदियातून जाणार, की गोंदियासाठीही थांबणार?

२६/
या हिशेबात न बोलणारा एक रहिवासीही आहे. नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्पाची जंगले रूळ व महामार्ग यांनी छेदली आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच बल्लारशाह–गोंदिया मार्गावर, चंद्रपूर जिल्ह्यातील जुनोन्याजवळ, गाडीखाली वाघाचे तीन बछडे मेले. मार्ग दुहेरी होईल तेव्हा गाड्या वाढतील, वेगही वाढेल. वन्यजीवांसाठी भुयारी वाटा व उन्नत मार्ग आराखड्यातच हवेत. अपघातानंतर सुचलेली दुरुस्ती महागही पडते आणि उशिराही येते.

२७/
इतिहासातून निघणाऱ्या मागण्या तीन. एक : मार्ग कामासाठी बंद ठेवायचा तर पर्यायी बससेवेचा खर्च त्या कामाच्या अंदाजपत्रकातच धरावा. दोन : रेल्वे आणि एसटी यांच्या वेळा एकत्र ठरवणारी जिल्हा पातळीवरची समिती असावी आणि तीत जंगल तालुक्यांच्या ग्रामसभांचे प्रतिनिधी असावेत. तीन : कोणताही थांबा काढण्यापूर्वी त्या गावाला कारण लेखी कळवावे व त्याचे म्हणणे ऐकावे. यांपैकी एकाही मागणीला नवा पूल लागत नाही.

२८/
शेवटी पुन्हा दोन अर्जुनींकडे. एकीच्या अंगावरून महामार्ग जातो आणि रेल्वेसाठी तिला सौंदड गाठावे लागते. दुसरीकडे स्टेशन आहे आणि महामार्ग दूर आहे. दोघींच्या मधले अंतर फार नाही. पण ते अंतर जोडणारी बस वेळेवर येते का, यावर एखाद्या बाळंतिणीचा, एखाद्या परीक्षेचा, एखाद्या पोते धानाच्या भावाचा निकाल लागतो. लंडन, कलकत्ता, मुंबई, दिल्ली, बिलासपूर यांनी या भूमीतून आपापल्या वाटा काढल्या. त्या वाटांचे वेळापत्रक ठरवताना आता एक खुर्ची अर्जुनीसाठीही ठेवली जावी.